माडीची जमीन

बुऱ्हाणपुरात पाहुणा आला की त्याला जैनाबादेतील आहुखाना दाखवावा लागतो. मुमताजमहल १६३१ साली या गावी वारली आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचे शव तापीपलीकडच्या या बागेत ठेवले होते. मग ठरलेला प्रश्न येतो : ताजमहाल इथेच का झाला नाही? त्यावर गावातला लहान मुलगाही सांगतो की, इथल्या मातीला वाळवी फार, म्हणून बादशहाने बेत बदलला. ही आख्यायिका आहे. मी ती इतिहास म्हणून वर्गात सांगत नाही. मात्र ज्याचे जुने घर या गावात आहे, त्याला ती खोटी आहे असे म्हणण्याचा धीर होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय बादशहाची इमारत नाही. आपल्यासारख्यांच्या वडिलोपार्जित घरांतील माडीची जमीन, म्हणजे तुळया, कड्या आणि फळ्या यांनी केलेली लाकडी पाटणी, हा आहे. बुऱ्हाणपूरच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले. पण ते किल्ला, मशीद, हमाम आणि कुंडी भंडारा यांच्याबद्दल. माणसे ज्या जमिनीवर निजली, जेवली, बाळंत झाली, तिच्याबद्दल कोणी फारसे लिहिले नाही.

जुन्या लेखकांनी या गावच्या घरांची स्तुती केलेली नाही. ‘आईन-ए-अकबरी’त बुऱ्हाणपूर मोठे, बागांचे व कारागिरांचे शहर म्हणून येते, पण उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात आणि पावसात त्याचाच चिखल होतो, हेही अबुल फजल नोंदवून ठेवतो. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ साली शहाजादा परवेझच्या दरबारी आला. त्याला शहाजादा, खान आणि काही थोडे लोक सोडले तर सगळीकडे मातीच्या झोपड्याच दिसल्या. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येऊन गेला. त्यानेही बहुतेक घरे गवताने शाकारलेली असल्याचे लिहिले, आणि त्याच ओघात इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाते असेही सांगितले. ज्या गावचे कापड एवढे दूर जात होते, त्या गावचे विणकर चिखलात राहत होते.

याच १६१५ च्या सुमारास खानखानाच्या सुभेदारीत सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल शंभराहून अधिक कुंड्यांच्या साखळीने गावात आणले गेले. हा कुंडी भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आला. जमिनीखालचे पाणी उताराने हवे तिथे नेण्याची विद्या या गावाला चारशे वर्षांपूर्वी साधली होती. छपरावरचे पाणी भिंतीत न मुरू देता खाली उतरवणे ही तिच्याच घरातली धाकटी विद्या. ती मात्र आपण घरोघर विसरत चाललो आहोत.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली निजामाने बुऱ्हाणपूर पेशव्यांना दिले. १७७८ साली ते शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेऊन त्याच वर्षीच्या तहाने परत केले, आणि १८६० च्या सुमारास ते कायमचे इंग्रजी अमलात जाऊन निमाड जिल्ह्याचा भाग झाले. या शंभर वर्षांत कारकून, भिक्षुक, शिलेदार, सराफ अशी मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. वर सातपुड्यात साग होताच. दगडी उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, मध्ये विटामातीची भिंत आणि वर माडी, ही घराची तऱ्हा खानदेशातून आणि घाटावरून आलेल्यांच्या ओळखीची होती. इंदूरच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचे आहेत, ते याच तऱ्हेचे थोरले रूप. आमच्या गल्लीतली घरे ही धाकटी.

अशा माडीची जमीन कशी असते ते तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाते ती तुळई. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर केवढे हे आपले आजोबा खणांतच सांगत. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर शेजारी शेजारी फळ्या. खालून दिसतो तो कडीपाट. फळ्यांवर तीन-चार इंच माती-मुरमाचा थर आणि त्यावर शेणाचे सारवण किंवा चुन्याचा कोबा. या थराने खोली थंड राहते आणि वरच्या पावलांचा आवाज खाली येत नाही.

पण त्याच थरात धोकाही आहे. दहा फूट लांब-रुंद खोलीवर तीन इंचांचा थर म्हणजे पंचवीस घनफूट माती, वजन सुमारे एक टन. ती भिजली की आणखी दोन-तीनशे किलो चढतात. आणि भिजलेली माती पाणी लगेच सोडत नाही. फळीच्या पाठीशी ओले फडके बांधून ठेवावे तशी ती बसून राहते.

लाकूड पाण्याने कुजते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. कुजवते ती बुरशी. तिला ओल आणि हवा दोन्ही लागतात. पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते, कोरडे लाकूडही टिकते. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच राहिली, की बुरशीचे फावते. मागोमाग वाळवी येते. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असल्याने तो दाद देत नाही, पण सालीलगतचे पांढरट लाकूड लवकर जाते. म्हणून पुरापेक्षा गळती वाईट. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मातीच्या भिंती एका दिवसात विरघळल्या. ते संकट साऱ्यांना दिसले. एक हललेले कौल वीस वर्षे गळते, ते कोणाला दिसत नाही.

आमच्या घरी हेच झाले. माझ्या लहानपणी माडीवर शेणाचे सारवण होते. दर पंधरवड्याला आई सारवायची. तिची कंबर धरू लागली तेव्हा वडिलांनी, तिला कष्ट नकोत म्हणून, सारवणावर सिमेंटचा कोबा करून घेतला. त्यांच्या हेतूत काय खोट होती? त्या काळी सिमेंट म्हणजे पक्के, आणि पक्के म्हणजे चांगले, असे सारेच मानत. पण शेणामातीच्या जमिनीतून ओल वर निघून जायची, सिमेंटने ती वाट बंद केली. वर पन्हळीचा पत्रा सडला होता. त्यातून उतरलेले पाणी भिंतीतून तुळईच्या टोकाशी येई आणि कोब्याखाली जिरे. आम्ही दर पावसाळ्यानंतर भिंतीवरचे डाग चुन्याने झाकत राहिलो.

एका श्रावणात माडीवरची ट्रंक सरकवताना जमीन दबल्यासारखी वाटली. खालून पाहिले तर दोन फळ्यांना पोक आला होता आणि कुजलेल्या लाकडाचा वास येत होता. एका ठेकेदाराने पाहून सांगितले, “सब निकाल दो, स्लॅब डाल दो.” धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला : दादा, त्यात पैसे घालू नकोस, विकून टाकू. त्याचे म्हणणे गैर नव्हते. माझा मुलगाही गप्प होता, आणि त्या गप्पपणाचा अर्थ मला कळत होता. आई तेवढे म्हणाली, “माझ्या सोयीसाठी ह्यांनी कोबा घातला. म्हणजे माझ्यामुळेच घर गेलं म्हणायचं.” त्या वाक्यानंतर विकण्याची गोष्ट मला बोलवेना.

ओळखीच्या एका शिक्षकाने एक वृद्ध मिस्त्री आणला. त्याने आधी लाकडाला हात लावलाच नाही. शिडी मागून छपरावर चढला. उतरून म्हणाला, “मास्साब, पहले पानी का रास्ता. फर्श बाद में.” मग पन्हळ बदलली, कौले चाळली, आणि मगच माडीवर काम सुरू झाले. पाण्याचे मूळ बंद न करता फळ्या बदलणे म्हणजे ताप अंगात ठेवून कपडे बदलणे, हे मला त्या दिवशी कळले.

खालून तुळईला टेकू दिले. कोबा फोडला, ओली माती टोपल्यांनी उतरवली. मिस्त्री टोचा घेऊन तुळईच्या टोकाशी बसला. भिंतीत गेलेल्या भागात टोचा चार बोटे सहज आत गेला. तिथून हातभर पुढे मात्र तो टणकन परत आला. “लकड़ी मरी नहीं है, सिरा गया है,” तो म्हणाला.

फळ्या उचलताना त्याने मला हाक मारली. प्रत्येक फळीच्या पाठीवर आणि तिच्याखालच्या कडीवर पटाशीने केलेल्या खुणा होत्या : एक रेघ, दोन रेघा, रेघ आणि फुली. कोणती फळी कोणत्या कडीवर, हे ज्या सुताराने जमीन बसवली त्याने लिहून ठेवले होते. मला वाटले, बसवतानाच्या सोयीसाठी असेल. मिस्त्री म्हणाला, “बिठाने के लिए भी, और निकालने के लिए भी.” ही जमीन कधीतरी उकलावी लागणार, हे त्या सुताराने धरूनच चालले होते. तो आमच्यासाठी निरोप ठेवून गेला होता, आणि आम्ही त्यावर सिमेंट ओतले होते.

फळ्या उन्हात टाकायच्या नाहीत. एकदम वाळल्या की तडकतात. ओसरीच्या सावलीत, दोन फळ्यांमध्ये पातळ पट्ट्या घालून, वर दगडांचे वजन ठेवून त्या रचल्या. लाकूड ओलीने लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगते. म्हणून पोक येतो आणि सावकाश वाळल्यावर पुष्कळसा उतरतो. भाद्रपदापासून आश्विनापर्यंत त्या तशाच होत्या. तुळईचे कुजके टोक चांगले लाकूड लागेपर्यंत कापले आणि तिथे तुळईच्या जाडीच्या तिप्पट लांबीचा तिरपा सांधा करून जुन्याच सागाचा तुकडा जोडला. खुंट्या मारल्या, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळल्या आणि सांध्याखाली कायमचा खांब दिला. भिंतीत टोक ज्या खोबणीत बसते तिथे खाली दगड, आणि बाजूंनी बोटभर मोकळी जागा, हवा खेळण्यासाठी. टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे पाणी सगळ्या लाकडाला पाजले. वाळवीला आणि बुरशीला ते मानवत नाही. वर सिमेंट नाही. कोरड्या मातीचा पातळ थर आणि चुन्याचा कोबा.

जोडलेला तुकडा लाकडाच्या वखारीतून आणला. वखारवाला म्हणाला, इतवाऱ्याकडचा एक वाडा पडला, त्याचा माल आहे. त्यावरही तशाच रेघा होत्या. कोणाच्या तरी माडीचे हाड आमच्या माडीत बसले. याचा आनंद मानावा की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन फळ्या वाचल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. काम चालू असताना माझा मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली राबला. तुळईला तो ‘बल्ली’ म्हणे, वाळवीला ‘दीमक’, फळीला ‘पटिया’. आई खाली बसून दुरुस्त करायची : बल्ली नव्हे रे, तुळई. मिस्त्री हसून दोन्ही शब्द म्हणून दाखवायचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला निमाड मध्य प्रदेशात राहिला, आणि शाळा, कचेरी, बाजार यांची भाषा हिंदी झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्याच भाषेत वेतन घेतो. आणि या गावाला दोन भाषा नव्या नाहीत. इथल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरवला आहे. पण भाषा केवळ ग्रंथांत राहत नाही. खण, कडी, पन्हळ, उथळे, कोबा हे शब्द घराच्या लाकडात राहतात. स्लॅब पडला असता तर माझ्या मुलाला तुळई हा शब्द कोणत्या निमित्ताने लागला असता?

प्रत्येकाने जुने घर राखावेच असे मी म्हणत नाही. कोणाची ऐपत नसते, कोणाचे भाऊ सहा गावी असतात, आणि काही लाकूड खरोखरच संपलेले असते. एवढेच सांगतो, की पाडण्यापूर्वी एकदा फळी उचलून पाहावी. आणि मृगाआधी स्वतः छपरावर चढून पन्हळ पाहावी. त्याला पैसा लागत नाही.

त्या वर्षी जमीन दिवाळीच्या आदल्या दिवशी पुरी झाली. मिस्त्रीने शेवटच्या फळीच्या पाठीवर पटाशीने एक नवी खूण केली आणि मुलाला दाखवून मगच ती बसवली. आईला धरून वर नेले. तिने अनवाणी पायाने खण ओलांडला, मध्ये थांबून पाय दाबून पाहिला. एक फळी करकरली. “ही पहिल्यापासूनच करकरते,” ती म्हणाली, आणि पणत्या मागवल्या.