‘बेन-हर’ची अर्धी चौकट

विल्यम वायलर यांचा ‘बेन-हर’ (१९५९) आम्ही प्रथम पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर. रथांच्या शर्यतीपलीकडे त्यात फारसे काही नाही, हे तेव्हा बनलेले मत आम्ही वर्गातही बिनदिक्कत मांडत राहिलो. पुढे डीव्हीडी पाहिली आणि ते मागे घ्यावे लागले.

१९५० नंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोचली आणि चित्रपटगृहांचा प्रेक्षक घटला. घरच्या पडद्यावर मावणार नाही असे काही दाखवणे, हा हॉलिवूडने काढलेला एक तोडगा होता. १९५३ मध्ये ‘द रोब’ने सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला, तोही ख्रिस्तकालीन कथानक घेऊन. ‘बेन-हर’ त्याच्याही पुढे गेला. ६५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या या चित्रपटाच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.७६ पट आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाची रुंदी मात्र उंचीच्या १.३३ पटच असे.

१९७१ मध्ये हाच चित्रपट अमेरिकन दूरचित्रवाणीवर आला. ज्या पडद्याला शह द्यायचा, त्याच्याच आश्रयाला तो गेला. तो पडदा पूर्ण भरायचा तर चित्राच्या कडा कापाव्या लागत. हिशेब केला तर मूळ चौकटीचा निम्म्याहूनही कमी, सुमारे ४८ टक्के भाग उरतो.

हानी केवळ भव्यतेची झाली असती, तर तिचे दुःख फार नव्हते. लू वॉलेस यांच्या १८८० च्या कादंबरीचे उपशीर्षकच ‘ख्रिस्ताची कथा’ असे आहे; वायलर मात्र ख्रिस्ताचा चेहरा कोठेही दाखवत नाहीत. तहानेने कोसळलेल्या ज्यूडाला येशू पाणी देतो आणि त्याला अडवायला आलेला रोमन शिपाई त्याच्याकडे पाहून गोंधळतो. आपल्याला दिसतो पाठमोरा येशू आणि शिपायाचा चेहरा. डोंगरावरील प्रवचनातही येशू पाठमोराच, समोर पसरलेला जनसमुदाय. येथे अर्थ उमटतो तो पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांतून आणि त्यांच्या व येशूच्या मधल्या अंतरातून. कडा कापल्या की हे नातेच विसकटते. उरतो तो पोशाखी देखावा.

डीव्हीडीवर पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या, तेव्हा चित्र कापले गेले अशी अनेकांची तक्रार असे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. त्या पट्ट्यांमुळेच चौकट अखंड राहिली होती. २००५ च्या संचात १९२५ चा मूकपटही जोडलेला होता, त्यामुळे दोन रूपांतरे शेजारी ठेवून अभ्यासणे शक्य झाले. २०११ च्या ब्लू-रेने जीर्णोद्धार केलेले चित्र त्याच पूर्ण रुंदीत दिले.

चित्रपटगृहातील अंधार आणि सहप्रेक्षक घरी येत नाहीत, हे खरेच. तरीही ग्रंथाची आवृत्ती नोंदवल्याशिवाय आपण अवतरण देत नाही. मग चित्रपटाची कोणती प्रत पाहिली, हे न सांगता त्यावर निवाडा कसा द्यावा? आम्ही तो दिला होता. ही त्याची दुरुस्ती.