चंद्रभागेची तर आणि विष्णुपदाची होडी

पंढरपूरविषयी मराठीत जे संशोधनपर लेखन झाले आहे त्याचा भर स्वाभाविकपणेच मूर्ती, मंदिर आणि संप्रदाय यांवर आहे. ग. ह. खरे यांचा ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ हा ग्रंथ असो, १९६० साली प्रसिद्ध झालेले डेल्यूरी यांचे विठोबाविषयीचे इंग्रजी पुस्तक असो, की रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ असो; या सर्वांत नदी आहे, पण ती पार्श्वभूमी म्हणून आहे. राजकीय इतिहासकाराची दृष्टी या गावाकडे वळली ती प्रामुख्याने जुलै १८१५ मध्ये येथे झालेल्या गंगाधरशास्त्र्यांच्या खुनामुळे, आणि तीही मंदिराच्या परिसरातच घोटाळत राहिली. ज्या यात्रेकरूंनी हे क्षेत्र मोठे केले, त्यांपैकी फार मोठ्या समुदायाला देवापर्यंत पोहोचण्यापूर्वी भीमा उतरावी लागे. ती कोण उतरवून देत असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे.

हा प्रश्न सुचण्यास निमित्त झाले ते एका अगदी सामान्य गोष्टीचे. सोलापूर शहराला स्वतःची नदी नाही. तेथील नागरिकाचा जलविहार सिद्धेश्वराच्या तलावाभोवती संपतो. जिल्ह्यात नदीचे शहर म्हणावे असे एकच, ते पंढरपूर. तेथे वाळवंटात उतरले की नावाडी हाका घालू लागतात : विष्णुपद, गोपाळपूर, नारदमंदिर. तासा-दीडतासाचा हा फेरा. कार्तिकी एकादशीनंतर दोन आठवड्यांनी, गर्दी पुरती ओसरली असता, विभागातील दोन विद्यार्थ्यांसह प्रस्तुत लेखकाने अशी एक होडी केली. “समदी होडी करायची का माणशी, माउली?” हा नावाड्याचा पहिला प्रश्न. आम्ही सबंध होडी केली. हौसेपेक्षा वाटेत हवे तेथे थांबता यावे, एवढाच त्यातील हेतू होता.

होडी सुटते ती पुंडलिकाजवळून. नदीपात्रातील या मंदिराचे पुजारीपण बडव्यांकडे किंवा उत्पातांकडे नव्हते. ते परंपरेने कोळी समाजाकडे आहे, आणि होड्या चालविणारेही बहुतांशी त्याच समाजाचे. ही गोष्ट केवळ वैचित्र्य म्हणून सांगितली जाते, पण तिचा अर्थ त्याहून खोल असावा असे वाटते. वारकरी प्रथम चंद्रभागेत स्नान करतो, मग पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि त्यानंतर विठ्ठलाकडे वळतो. म्हणजे क्षेत्राच्या या पहिल्या उंबरठ्यावर, पाण्यात आणि पाण्यालगत, अधिकार चालतो तो जलजीवी लोकांचा. पूर आला की या मंदिराचे शिखर तेवढे वर राहते, आणि तेथपर्यंत जाऊ शकणारा माणूसही होडीवालाच असतो. देवाची सेवा आणि नदीची सेवा येथे एकाच समाजाकडे राहिली, याचे एक कारण इतके व्यावहारिक असावयास हरकत नाही. समोरच लोहदंडतीर्थ आहे. इंद्राचा लोहदंड या पाण्यावर तरला, असे स्थलपुराण सांगते. लोखंड तरते ही कल्पना कोणाला प्रथम सुचली ते पुराणिकांनी ठरवावे; पण ती नदी उतरण्याच्या जागी सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नावाविषयी थोडेसे. भीमाशंकरला उगम पावून सुमारे ८६० किलोमीटर वाहत कृष्णेला मिळणारी ही नदी पंढरपुराशी वळण घेते, म्हणून येथे ती चंद्रभागा. कोरीव लेखांत मात्र हे नाव नाही. होयसळ सोमेश्वराच्या १२३७ च्या लेखात ‘पंडरगे’ हे गाव येते, तर यादव कृष्णाच्या काळातील १२४९ च्या ताम्रपटात भीमरथीच्या तीरावरील पौंडरीक क्षेत्राचा उल्लेख आहे. राजाच्या दप्तरात भीमरथी आणि भक्ताच्या मुखी चंद्रभागा असा हा भेद आहे. नावाडी दोन्ही नावे वापरतो. पूर आला की ‘भीमा आली’ म्हणतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर आहे. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरस या मार्गाने येते. देहूची तुकारामांची पालखी सराटीपाशी नीरा ओलांडून अकलूजवरून येते. दोन्ही वाखरीस मिळतात, आणि वाखरीही उजव्याच तीरावर आहे. म्हणजे ज्या दोन पालख्यांच्या वर्णनांवरून आपण वारीची कल्पना बांधतो, त्यांना पंढरपुराशी भीमा ओलांडावीच लागत नाही! इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख किंवा दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ वाचून नदी उतरण्याचा प्रश्न आपल्या मनात येत नाही, याचे कारण त्यांच्या वाटेत आहे. परंतु मराठवाडा, खानदेश, वऱ्हाड, बार्शी आणि खुद्द सोलापूर या बाजूंनी येणारा वारकरी डाव्या तीरावर येऊन थांबे. चैत्री आणि माघी यात्रांच्या वेळी पात्र आटलेले असल्यामुळे तो पायउताराने येऊ शके. आषाढीस नदी भरलेली असे, आणि त्या दिवसांत वारी म्हणजे प्रथम तर गाठणे होय. ‘तर’ या शब्दात नदी उतरविणारी नाव आणि ती लागण्याची जागा असे दोन्ही अर्थ येतात.

रेल्वेने हे ओझे कमी केले, अशी सामान्य समजूत आहे. नकाशा पुढे ठेवला तर उलटेच दिसते. पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० च्या सुमारास पुरा झाला तो भीमेच्या डाव्या बाजूने. दूरदूरचा यात्रेकरू आता बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, किंवा मोहोळ या स्थानकांवर उतरू लागला आणि तेथून गाडीने अथवा पायी पंढरपूरकडे निघाला. जो मुंबई-पुण्याकडचा माणूस पूर्वी चालत उजव्या तीराने आला असता, त्यालाही रेल्वेने नदीच्या पलीकडे आणून सोडले. पंढरपूरच्या तरीवर कदाचित तिच्या इतिहासातील सर्वांत मोठा भार पडला तो आगगाडीच्या युगाच्या पहिल्या अर्धशतकात, असा निष्कर्ष यातून निघतो. १८६८ चा मुंबई इलाख्याचा तरींविषयीचा कायदा नेमका याच काळातला आहे. त्याने सार्वजनिक तरी सरकारच्या नियंत्रणाखाली आणल्या, उताराचे दर ठरविण्याचा आणि तरी मक्त्याने देण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. वहिवाटीने चालणारे काम कागदावर मक्तेदाराचे झाले. वल्हे मात्र पूर्वीच्याच हातात राहिले. म्हणूनच दप्तरात नावाड्याचे नाव शोधणाऱ्यास बहुधा मक्तेदाराचे नाव सापडते. संशोधकाने हा धोका ध्यानात ठेवला पाहिजे.

१९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा कुर्डुवाडीहून पंढरपूरला आला. पुढे १९२७ मध्ये तो मिरजेपर्यंत गेला, तेव्हा भीमा ओलांडणे म्हणजे पुलावरची क्षणभराची खडखड होऊन गेली होती. सडकेसाठी दगडी पूल झाला. तो बुटका असल्याने मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, म्हणून नंतर उंच पूलही झाला. तरीचे प्रयोजन असे टप्प्याटप्प्याने संपले. होडीने आपली दिशा बदलली. जी नाव आडवी जात असे ती उभी जाऊ लागली, या काठावरून त्या काठावर न जाता काठाकाठाने फिरू लागली. उतारू गेला आणि त्याच्या जागी प्रेक्षक आला. आज आपण ज्याला हौसेचा फेरा म्हणतो, तो वस्तुतः एका गेलेल्या व्यवसायाचा उरलेला अर्धा भाग आहे. अलीकडे पैलतीरी इस्कॉनचे मंदिर व घाट झाल्यापासून काही यात्रेकरू होडीने तिकडे जातात. आडव्या वाटेची तेवढी खूण राहिली आहे.

प्रेक्षक झाल्याने काही लाभही झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. महाद्वार घाटाच्या दोहों बाजूंचे होळकर आणि शिंदे यांचे वाडे गल्लीतून पाहिले तर नुसत्या भिंती दिसतात. पाण्यावरून ते एकाच दृष्टिक्षेपात येतात आणि त्यांची रचना उलगडते : खाली पुराला तोंड देणारा घडीव दगडाचा भक्कम तळ, वर राहण्याचा भाग, आणि आत देवालय. एकात अहिल्याबाईंच्या नावाशी निगडित राममंदिर, तर दुसऱ्यात बायजाबाई शिंदे यांच्या नावाशी निगडित द्वारकाधीश. उत्तरेत राज्ये करणारी ही दोन्ही घराणी येथे आली ती शेजार धरून, आणि दर्शनी बाजू दोघांनीही नदीकडे ठेवली. नदीकडून येणारा यात्रेकरू हाच त्यांनी गृहीत धरलेला पाहुणा होता, असे होडीतून पाहताना वाटल्यावाचून राहत नाही. पलीकडचा काठ त्या मानाने ओकाबोका आहे. चोखामेळ्याने तिकडे, नदीपल्याड, दीपमाळ उभारली अशी परंपरा आहे. ज्याला या घाटावरून वर जाण्यास मज्जाव होता त्याचा दिवा नदीच्या दुसऱ्या बाजूस असावा, यात एक सामाजिक भूगोल आहे. साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण वाचताना तो नजरेसमोर ठेवावा. कुंभार घाटापाशी आमच्या नावाड्याने वल्हे थोडे थांबविले. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत येथील घाटाची नवी भिंत कोसळून सहाजण दगावले होते. त्याविषयी तो फार बोलला नाही.

विष्णुपदाविषयी लिहावयाचे ते थोडेच, कारण ते सर्वज्ञात आहे. पुष्पावतीचा संगम, पात्रातील दगडी मंडप, खडकावरील कृष्णाची व गाईची पावले. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम येथे असतो अशी श्रद्धा, म्हणून त्या महिन्यात होड्यांना उसंत नसते. आम्ही गेलो तेव्हा मार्गशीर्ष लागण्यास चार-पाच दिवस होते आणि काठावर एका उपड्या होडीच्या फटींत डांबर भरण्याचे काम चालू होते. गोपाळपूरच्या टेकडीवर आम्ही चढलो नाही.

परतताना होडी प्रवाहाविरुद्ध असते. नावाडी मध्यधार सोडून काठाच्या संथ पाण्यातून वर येतो. या वाटेतच पाण्याचा विषय निघाला. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाल्यापासून चंद्रभागेचे पाणी ऋतूवर न राहता सोडण्यावर राहिले आहे. सुमारे ११७ टीएमसी साठवणाऱ्या त्या जलाशयातून केव्हा, किती पाणी खाली यावयाचे, त्यावर होडी चालणार की वाळूत बसणार हे ठरते. त्याच धरणाने वरच्या अंगाला आणखी एक गोष्ट केली आहे, जिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे. पंढरपुराशी पुलांनी तर नाहीशी केली. उजनीच्या फुगवट्याने जुने रस्ते बुडवून नव्या तरी जन्मास घातल्या. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये लोक अशाच होडीने ये-जा करीत. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी वादळी वाऱ्यात ती उलटली. एकजण पोहून काठाला लागला, सहाजण बुडाले. तेथे जाणारी माणसे देवदर्शनाला किंवा विहाराला निघालेली नव्हती. रोजच्या कामासाठी नदी ओलांडणारा उतारू विसाव्या शतकाबरोबर संपला, असे आपण समजत होतो.

मंदिरातील हक्कांचा प्रश्न आयोगापुढे आला, त्यावर १९७३ चा कायदा झाला, आणि तो वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत गेला. त्या निमित्ताने बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांच्या वहिवाटींचे केवढे तरी कागद एकत्र आले. घाटावरच्या होड्यांची पाळी कोणाची, कोणत्या घरास किती नावा, यात्रेच्या दिवसांत वाटणी कशी, हे सारे मात्र तोंडी राहिले. काशीच्या मल्लाहांवर असा डोरॉन यांनी २००८ मध्ये एक सबंध ग्रंथ लिहिला. लंडनच्या थेम्सवरील नावाड्यांचे दर १५१४ च्या कायद्याने बांधले गेले होते, आणि १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला तेव्हा बुडालेल्या उताराबद्दल त्यांच्या मंडळास भरपाई मिळाली. भरपाई मिळाली म्हणूनच त्यांचा हक्क काय होता हे आज वाचावयास मिळते. आपल्याकडे १९१७ चा अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा यंत्राच्या नौकांपुरता होता. २०२१ च्या नव्या कायद्यात वल्ह्याच्या नौकांचीही स्थानिक संस्थांकडे नोंद करण्याची तरतूद आहे. ही नोंद नीट झाली तर चंद्रभागेवरील होडीला प्रथमच मालकाच्या नावाचा कागद मिळेल. पण तो कागद आजच्या मालकाचा असेल. त्याच्या आजोबाच्या काळातील पाळ्या व उतार वृद्ध नावाड्यांकडून टिपून घ्यावयाचे असतील तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन उन्हाळे पुरतील, आणि ते लवकरचे असावेत.

होडी पुन्हा पुंडलिकासमोर लागली. विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले, “काका, तुमच्या घरात होडी किती वर्षांपासून आहे?” त्याने वर्षे सांगितली नाहीत. आज्याची नाव मोठी होती, तीत बैलगाडीची चाके काढून गाडी घेत, बैल मागून पोहत येत. बापाने ती विकली आणि ही लहान केली. केव्हा, असे विचारता त्याने होडीचा दोर खुंटीस बांधता बांधता उत्तर दिले, “पाणी धरणाचं झालं तवा.” विद्यार्थ्याने वहीत १९८० असे लिहून घेतले.