ड्रीमवीव्हरने लिहिलेली जावास्क्रिप्ट

ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट घडवली. पण ती सर्वसामान्य वेब डिझायनरच्या हाती पोचवली ती यंत्राने लिहिलेल्या कोडने, असं माझं ठाम मत आहे. 1997 मध्ये मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर हे वेब पानं बनवण्याचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ब्राउझरचं युद्ध ऐन भरात होतं. पानावरची एखादी वस्तू हलवायची तर नेटस्केप 4 ला 'लेयर्स' लागत, इंटरनेट एक्स्प्लोरर 4 ला 'ऑल'. ड्रीमवीव्हरच्या यादीतून 'बिहेवियर' निवडलं की दोन्हींना चालेल असा कोड पानात आपोआप उतरे. माउस नेताच बटणाचं चित्र बदलणारं 'एमएम_स्वॅपइमेज' हे फंक्शन त्यातलंच. त्यातला 'एमएम' म्हणजे मॅक्रोमीडिया.

हा कोड बोजड होता, त्याने डिझायनर परावलंबी झाले, हा आक्षेप जुना आहे. बोजडपणा मान्य, पण त्याचं मूळ ब्राउझरांच्या भांडणात होतं. परावलंबनाचं मात्र पटत नाही. तो कोड पानातच उघडा पडलेला असे. 'व्ह्यू सोर्स' करून तो कुणालाही वाचता येई, मोडून पाहता येई. पुढे सीएसएसमधल्या 'हॉवर'मुळे माउस नेताच चित्र बदलण्याचं काम दोन-तीन ओळींत होऊ लागलं आणि ही फंक्शनं मागे पडली.