हृदयाचा दुबळेपणा आणि मायक्रो-आरएनए

हृदयाचा स्नायू दुबळा झाला, की शरीराला पुरेसे रक्त मिळत नाही; धाप लागते, पायांवर सूज येते. या विकाराला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. त्यावरील नव्या उपचारांच्या शोधात 'मायक्रो-आरएनए'कडे लक्ष वेधले गेले आहे.

सुमारे २२ घटकांचे हे रेणू स्वतः प्रथिने बनवत नाहीत. ती किती बनावीत, याचे नियंत्रण करतात. व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्यांचा शोध लावला. त्यासाठी त्यांना २०२४ चे वैद्यकातील नोबेल मिळाले.

ताणाखालील हृदयात 'मायक्रो-आरएनए-१३२' वाढतो आणि हृदयपेशी फुगतात. जर्मनीतील हॅनोव्हर येथे थॉमस थुम व सहकाऱ्यांनी तो रोखल्यावर उंदरांच्या हृदयाचे कार्य सुधारले. २८ रुग्णांवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांना हे औषध सोसले. मात्र एवढ्या छोट्या चाचणीतून गुण सिद्ध होत नाही. शिवाय एकच मायक्रो-आरएनए अनेक जनुकांवर अंकुश ठेवतो; त्यामुळे इतर अवयवांवरील परिणामही तपासावे लागतात.

असे औषध अद्याप बाजारात नाही. त्यामुळे रुग्ण हिंगोलीचा असो वा मुंबईचा, नव्या उपचाराच्या आशेने चालू औषधे थांबवणे घातक ठरेल.