‘मिडलमार्च’ वाचण्याआधी

व्हिक्टोरियन कादंबरीकडे वळणारा मराठी वाचक बहुधा डिकन्सच्या किंवा ब्राँटे भगिनींच्या वाटेने तिथे पोहोचतो. जॉर्ज एलियट त्याला उशिरा भेटते, आणि ‘मिडलमार्च’ची ८६ प्रकरणे पाहून तो पुस्तक पुन्हा कपाटात ठेवतो. ही प्रस्तावना त्याच्यासाठी लिहिली आहे. या कादंबरीभोवती गेल्या दीडशे वर्षांत अभ्यासाचे मोठे क्षेत्र उभे राहिले आहे, आणि तिथे शिरायला पंडित असावे लागत नाही. काही गोष्टी आधी माहीत असल्या की पुरे.

त्यांतली पहिली गोष्ट काळाची. कादंबरी प्रसिद्ध झाली १८७१-७२ मध्ये, पण तिच्यातले प्रसंग घडतात सप्टेंबर १८२९ ते मे १८३२ या काळात. पार्लमेंटच्या निवडणुकीत सुधारणा करणाऱ्या पहिल्या मोठ्या कायद्यासाठी इंग्लंड तेव्हा ढवळून निघत होते, पटकीची साथ येऊ घातली होती आणि रेल्वेसाठी जमीन मोजणारे लोक शेतांतून हिंडू लागले होते. पुढे काय झाले ते १८७१ चा वाचक जाणून होता. कायदा झाला, रेल्वे आली, तिला हाकलायला गवताचे काटे घेऊन धावलेले शेतमजूर मागे पडले. पात्रांना यातले काहीच माहीत नाही. या चाळीस वर्षांच्या अंतरातून या कादंबरीची करुणा निर्माण होते, असे माझे मत आहे.

हे अंतर लेखिकेने स्वतः चालून पार केले होते. जॉर्ज एलियटचे मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स. जन्म २२ नोव्हेंबर १८१९, वॉरिकशर परगण्यात नुनीटनजवळच्या आर्बरी इस्टेटीवर. वडील रॉबर्ट एव्हान्स सुतारकामापासून सुरुवात करून न्यूडिगेट घराण्याच्या जमिनींचे कारभारी झाले होते. त्यांच्या घोडागाडीत बसून मुलगी इस्टेटभर हिंडायची. कुळाच्या घरातले बोलणे आणि जमीनदाराच्या दिवाणखान्यातले बोलणे ही दोन्ही तिच्या कानावर लहानपणीच पडली. कादंबरीतला केलेब गार्थ हा प्रामाणिक कारभारी वडिलांच्या आठवणीतून आला आहे. १८३२ च्या डिसेंबरात नुनीटनमध्ये निवडणुकीची दंगल झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

१८४१ मध्ये बाप-लेक कॉव्हेंट्रीजवळ राहायला गेले. कॉव्हेंट्री हे रेशमी फितींचे गाव, आणि मिडलमार्चला आकार देताना लेखिकेसमोर मुख्यतः हेच गाव होते. इथे स्वतंत्र विचारांची मित्रमंडळी भेटली. जानेवारी १८४२ मध्ये तिने चर्चला जायचे नाकारले. वडिलांनी घर मोडायची भाषा केली. काही महिन्यांनी तडजोड झाली : मुलीने चर्चला यावे, मनात काय विचार करायचा तो तिचा तिने करावा. पुढे तिने येशूच्या चरित्राची ऐतिहासिक चिकित्सा करणारा श्ट्राउसचा जर्मन ग्रंथ इंग्रजीत आणला (१८४६), आणि नंतर फॉयरबाखचाही (१८५४). श्रद्धा गेली, पण श्रद्धावान माणसाबद्दलचा आदर तिने कधी सोडला नाही. तिच्या कादंबऱ्यांतले पाद्री वाचताना हे ध्यानात ठेवावे.

वडील १८४९ मध्ये गेले. १८५१ पासून ती लंडनमध्ये ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे संपादन करू लागली. काम सगळे तिचे, संपादक म्हणून नाव मात्र मालक जॉन चॅपमन यांचे. तिथल्याच वर्तुळात जॉर्ज हेन्री लुइस भेटले. लुइस विवाहित होते. पत्नीला दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलांना त्यांनी आपले नाव दिले होते, आणि त्या काळच्या कायद्याने अशी संमती दिलेल्या नवऱ्याला घटस्फोट मागता येत नसे. १८५४ च्या जुलैत दोघे उघडपणे जर्मनीला गेले आणि लुइस यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७८ पर्यंत, पती-पत्नीसारखे राहिले. भाऊ आयझॅक याने तिच्याशी संबंध तोडले. १८८० मध्ये तिने जॉन क्रॉस यांच्याशी रीतसर लग्न केले तेव्हा कुठे त्याचे अभिनंदनाचे पत्र आले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला ती वारली.

टोपणनाव आले ते १८५७ मध्ये, पहिल्या कथांबरोबर. पुरुषाचे नाव घेण्यामागे दोन कारणे होती. बाईने लिहिलेले पुस्तक समीक्षक वेगळ्या, हलक्या मापाने मोजत, आणि तिच्या घरगुती परिस्थितीचा डाग पुस्तकाला लागला असता. ‘ॲडम बीड’ (१८५९) गाजल्यावर नुनीटनकडच्या लिगिन्स नावाच्या एका माणसालाच लोक खरा लेखक समजू लागले. त्यामुळे तिला आपली ओळख उघड करावी लागली.

आता कादंबरीच्या जन्माकडे. १८६९ मध्ये ती ‘मिडलमार्च’ नावाची एक गोष्ट लिहू लागली. तिच्या केंद्रस्थानी होता टर्शियस लिडगेट हा तरुण डॉक्टर आणि गावातले व्हिन्सी कुटुंब. पण लुइस यांचा मुलगा थॉर्नी आफ्रिकेतून आजारी होऊन परतला. पाठीच्या कण्याचा क्षय. घरात त्याची शुश्रूषा चालू असताना लेखन रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये तो गेला. वर्षभराने, १८७० च्या अखेरीस, तिने एक निराळीच गोष्ट हाती घेतली : डोरोथिया ब्रूक ही विशीही न ओलांडलेली श्रीमंत मुलगी, काहीतरी मोठे करायची तिची तळमळ, आणि त्या तळमळीपायी कासॉबन या वयस्क विद्वानाशी तिने केलेले लग्न. १८७१ च्या सुरुवातीला तिने दोन्ही गोष्टी एकत्र विणल्या. हा सांधा पुस्तकात आजही दिसतो. दहाव्या प्रकरणातल्या मेजवानीत लिडगेटचे नाव निघते आणि कादंबरी एका घरातून सगळ्या गावात पसरते. दोन माणसे, दोन मोठ्या आकांक्षा, आणि दोघांनाही अडवणारे तेच गाव. हा निर्णय झाला नसता तर आपल्या हाती दोन चांगल्या कथा आल्या असत्या. आज आहे ती महान कादंबरी त्या निर्णयामुळे आहे.

लिडगेटच्या भागावर थोडे थांबले पाहिजे, कारण तिथे लेखिकेची तयारी थक्क करणारी आहे. तिने नोंदींची एक वही ठेवली होती. तीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या जुन्या मजकुराचे उतारे आहेत, ताप आणि पटकीच्या नोंदी आहेत, राजकीय घटनांच्या तारखा आहेत. त्या काळी गावातला डॉक्टर औषधे विकून पोट भरत असे. लिडगेट औषधे विकायचे नाकारतो आणि गावातल्या सगळ्या डॉक्टरांचे वैर ओढवून घेतो. तो पॅरिसला शिकलेला आहे. बिशा या फ्रेंच शास्त्रज्ञाने शरीरातल्या ऊतींची वर्गवारी केली होती. लिडगेटला त्या सगळ्या ऊतींच्या मुळाशी असलेली एकच आद्य ऊती शोधायची आहे. १८७१ च्या जाणत्या वाचकाला ठाऊक होते की अशी ऊती नाही. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी पेशीचा सिद्धान्त मांडला होता. म्हणजे गावाने त्याला छळले नसते, बायको रोझामंडच्या हौशीपायी तो कर्जात बुडाला नसता, तरी त्याचा प्रश्नच थोडा चुकलेला होता. कासॉबनचेही तेच. जगातल्या सगळ्या पुराणकथांचे एक मूळ शोधण्यात त्याने आयुष्य घातले, आणि त्याला जर्मन येत नसल्याने ते काम केव्हाच मागे पडले आहे याचा त्याला पत्ता नाही. ज्या बाईने श्ट्राउस इंग्रजीत आणला तिला या माणसाला हास्यास्पद करणे अगदी सोपे होते. तिने मात्र त्याच्या मनातली भीती दाखवली. पुढच्या पिढीला जे सहज कळते ते आधीच्या पिढीला कळले नाही म्हणून ती कोणालाच हिणवत नाही.

पैशाकडेही लक्ष असू द्यावे. फ्रेड व्हिन्सीच्या १६० पौंडांच्या हुंडीला केलेब गार्थ जामीन राहतो, आणि मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या बायकोने साठवलेले ९२ पौंड त्यात जातात. बुलस्ट्रोड या धर्मनिष्ठ बँकरकडून लिडगेटने घेतलेले १,००० पौंड त्याची अब्रू घेतात. कासॉबनच्या मृत्युपत्राची पुरवणी विधवा डोरोथियाला बजावते की माझा तरुण नातेवाईक विल लॅडिस्लॉ याच्याशी लग्न केलेस तर माझी इस्टेट तुझी नाही. लेखिकेच्या बहिणीचा नवरा डॉक्टर होता, त्याचे दिवाळे निघाले होते आणि १८५२ मध्ये तो वारला होता. कर्जाने घर कसे पोखरले जाते हे तिने जवळून पाहिले होते.

कादंबरी तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तीन खंडांत न येता, लुइस यांच्या सुचवणीवरून, डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत आली. प्रत्येक भाग पाच शिलिंगांचा, प्रकाशक ब्लॅकवुड. लेखिकेच्या मृत्यूनंतर काही दशके तिचे नाव मागे पडले. १९१९ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने आणि १९४८ मध्ये समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी तिला पुन्हा अग्रस्थानी आणले. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिला जागा मिळाली नव्हती. तिचे दफन हायगेटला झाले, आणि ॲबीतली स्मृतिशिला १९८० मध्ये बसवली गेली.

नव्या वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक ज्या गतीने प्रथम वाचले गेले त्याच गतीने वाचा. एक भाग संपला की काही दिवस थांबा, पात्रांविषयी कोणाशी तरी बोला, मग पुढचा भाग घ्या. पहिल्या दहा प्रकरणांत डोरोथियाचा राग आला तर येऊ द्या, पण पुस्तक ठेवू नका. आणि समीक्षाग्रंथ, चरित्रे, ही प्रस्तावनासुद्धा, आठवा भाग संपल्यावर पुन्हा एकदा वाचा.