कारखाना हलतो, कारागिराचे काय?

कारखान्याचे स्थलांतर सरकारी नस्तीत सोपे दिसते. जुनी जागा, नवी जागा, क्षेत्रफळ, वीज, पाणी, रस्ता आणि शेवटी सहीची ओळ. कारागीर रोज कोठून येणार, यासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नसतो. त्या रकान्याचे मोल समजून घेण्यासाठी मी जबलपूरचा इतिहास पाहावा असे सुचवीन. हे शहर आपणांस परके नाही. १८१७ पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १८६१ पासून १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते.

एकोणिसाव्या शतकात तोफगाडे, म्हणजे तोफ ज्यावर बसवून ओढतात ते चाकांचे गाडे, मुंबईत कुलाब्यास, मद्रासेस आणि गंगाकाठच्या फत्तेगडास तयार होत. तीन इलाख्यांच्या तीन फौजा, म्हणून कारखानेही तीन. १८९५ मध्ये या फौजा एकत्र करण्यात आल्या आणि वेगवेगळ्या कारखान्यांचे प्रयोजन उरले नाही. १९०४ मध्ये जबलपुरात मध्यवर्ती गन कॅरेज फॅक्टरी स्थापन झाली. जबलपूरच का, हे नकाशा पाहिला की उमगते. मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग १८७० मध्ये येथेच जोडले गेले होते, आणि समुद्र दूर होता.

परंतु नकाशाने जागा मिळते, कसब मिळत नाही. ते रुजले कारखान्याच्या वसाहतीमुळे. कामगार कारखान्याजवळ राहिला, त्याची मुले तेथेच वाढली, हात तयार झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये वाहन कारखाना. त्याआधीच, १९५९ मध्ये, ‘शक्तिमान’ मालमोटार गन कॅरेज फॅक्टरीत तयार होऊ लागली होती. २०१९ मध्ये ‘धनुष’ तोफा सैन्याच्या हवाली झाल्या, त्याही येथूनच. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन मालकीचे स्वरूप बदलले. कसब जागेवर राहिले.

आता याच शहरातील दुसरे स्थलांतर पाहा. सलवार-सूट आणि तयार कपड्यांचा धंदा जबलपुरात दाट वस्तीतील लहान लहान कारखान्यांतून वाढला. त्यासाठी गोहलपूरच्या लेमा गार्डन भागात वस्त्रोद्योग समूहाचे संकुल उभारण्यात आले. एका छताखाली गाळे आणि सामाईक यंत्रे, ही कल्पना रास्तच आहे. अरुंद गल्लीत आगीचा बंब शिरत नाही, मोठे यंत्र बसत नाही.

तथापि शिलाईच्या धंद्यात काम घरोघर वाटलेले असते. बेतणे एका घरी, शिवणे दुसऱ्या, काजे-बटणे तिसऱ्या. चूल सांभाळून तुरपाई करणारी बाई गाळ्याच्या वाटपयादीत येत नाही, कारण यादी मालकांची असते. गाळा दूर गेला, तर मालकाला भाडे पडते; तिचे मात्र कामच जाते. लेमा गार्डन वस्तीलगतच आहे, हे त्या योजनेचे मोठे बळ मी मानतो. शहराबाहेरची स्वस्त जमीन कागदावर अधिक शोभली असती.

तोफगाड्यांसाठी सरकारने कारखान्यापाशी घरे बांधली. शिलाईसाठी घरांपाशी कारखाना नेला. मार्ग निराळे, हिशेब एकच. म्हणून स्थलांतराच्या प्रत्येक प्रस्तावात आणखी एक रकाना असावा असे माझे मत आहे: कारागिराच्या घरापासून नव्या जागेचे अंतर किती? तो कोरा असेल, तर सही थांबवावी.