जुन्या घरात फेरबदल करताय? भिंत पाडण्याआधी भार कोण पेलतंय ते बघा

पेठ (प्रतिनिधी) : भात, नागली, वरईची कामं उरकली की पेठ तालुक्यात घराची कामं निघतात. कुणाला कौलं काढून पत्रे टाकायचे असतात, कुणाला मधली भिंत काढून मोठी खोली करायची असते. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं आणि ते जुन्या घराला चिकटून बांधायचं असतं. भावाभावांत वाटणी झाली की एकाच घराचे दोन भाग होतात. अशा वेळी काम चालू असताना माणसं त्याच घरात झोपतात, त्यामुळे चूक झाली तर नुसता पैसा जात नाही. म्हणून कामाला हात लावण्याआधी काय तपासायचं, त्याची ही माहिती.

भार खांबावर की भिंतीवर?

सगळ्यात आधी एवढंच शोधायचं. आपल्याकडची जुनी घरं लाकडी खांबांची आहेत. छपराचा भार रिपा, वासे, आढं, तुळई असा उतरत खांबात येतो आणि खांबातून जमिनीत जातो. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली भिंत हा फक्त आडोसा असतो. ती काढली तरी छप्पर जागेवर राहतं. पण खांब हलला की छप्पर बसतं.

विटांच्या घराचं गणित उलटं असतं. तिथे तुळई किंवा स्लॅब भिंतीवर टेकलेला असतो. अशी भिंत काढणं म्हणजे खांब काढण्यासारखंच आहे.

फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात. कधीतरी कूड काढून विटांची भिंत घातलेली असते, त्या वेळी मधला खांबही काढून टाकलेला असतो आणि तुळई थेट विटांवर ठेवलेली असते. घर दिसायला जुनं खांबांचं, पण भार भिंतीवर. म्हणून माळ्यावर चढून तुळईचं प्रत्येक टोक कशावर टेकलंय ते डोळ्याने बघायचं. जिथे तुळई भिंतीवर आहे, ती भिंत विचारल्याशिवाय पाडायची नाही. कॉलमच्या घरातही हेच. गावात बऱ्याचदा कॉलम फक्त कोपऱ्यात असतात आणि मधला स्लॅब भिंतीवर टेकलेला असतो.

खांब बदलताना

लाकडी खांब वरून चांगला दिसतो, पण जमिनीत गाडलेला भाग ओलीने आणि वाळवीने जातो. बुडाशी टोचा मारून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं तर दुरुस्ती हवी.

एका वेळी एकच खांब काढायचा. त्याआधी तुळईला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्यायचे. टेकू नुसत्या मातीवर उभा केला तर रुततो, म्हणून खाली जाड फळी किंवा सपाट दगड ठेवायचा. कुजलेलं बूड कापून खांब जमिनीच्या वर दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवला की ओल वर चढत नाही. मात्र तो सरकू नये म्हणून खाली लोखंडी पट्टीने पक्का करायला हवा.

नवीन लाकूड लागणार असेल तर आधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा. आपल्या मालकीच्या शेतातला साग असला तरी तो तोडायला आणि वाहून न्यायला परवानगी लागते.

दार-खिडकी काढताना

विटांच्या भिंतीत नवीन दार काढायचं तर कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडायचे. एका भिंतीतल्या सगळ्या दारं-खिडक्यांची रुंदी मिळून भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त जाऊ द्यायची नाही. वरच्या लिंटेलचं टोक दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर बसलं पाहिजे. आधी लिंटेल बसवून, ते पक्कं झाल्यावर खालच्या विटा काढायच्या. आधी भगदाड पाडून मग लिंटेल शोधत बसलं तर वरच्या विटा खाली येतात.

कौलं, पत्रे की स्लॅब?

१०० चौरस फूट जागेचा हिशेब धरा. मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसह साधारण पाच-सहा क्विंटल भरतं. लोखंडी पत्रे अर्धा क्विंटल. चार इंची स्लॅब जवळजवळ २३ क्विंटल. म्हणजे कौलांच्या चौपट. जुन्या मातीच्या भिंतीवर किंवा पाया न बघता बांधलेल्या विटांच्या भिंतीवर स्लॅब टाकायचा विचार असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

पत्र्याचा प्रश्न वेगळा आहे. कौलं स्वतःच्या वजनाने बसून राहतात, पत्रा हलका असल्याने वारा त्याला खालून उचलतो. त्यासाठी पत्रा रिपेला, रिप वाशाला आणि वासा तुळईला बोल्ट किंवा पट्टीने बांधलेला पाहिजे. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला तर पाणी तिथेच शिरतं. वरच्या पत्र्याने खालच्या पत्र्यावर किमान सहा इंच यायला हवं.

वळचण कमी करू नका. आपल्याकडच्या पावसात भिंत वाचते ती रुंद वळचणीने आणि उंच जोत्याने. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडत नाही, गिलावा पोपडे धरून सुटतो आणि मागे वाळवी लागली तरी कळत नाही. मातीला मातीचाच लेप बरा.

जुने सिमेंटचे पत्रे काढताना ते फोडू नका, ग्राइंडरने कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून अख्खे उतरवा.

वाटणीचं घर

आढं एक, तुळया एक, आणि मालक दोन. एका भावाने आपला अर्धा भाग उतरवून नवीन बांधायला घेतला की उरलेल्या अर्ध्याचा एका बाजूचा आधार जातो. पावसाळ्यात तो भाग कलतो. म्हणून उतरवण्याआधीच वाटणीच्या रेषेवर राहणाऱ्या भागासाठी स्वतंत्र खांब उभे करायचे, त्यांना तिरके टेकू मारायचे आणि मगच तुळई कापायची. याचा खर्च कोणी करायचा ते आधी बोलून घ्या. भांडण बहुतेक वेळा तिथेच होतं.

जुन्याला नवीन जोडताना

प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल नवीन पक्क्या घरासाठी असतं, जुन्या घराच्या डागडुजीसाठी नाही. त्यात किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट बांधकाम धरलेलं आहे. पैसे टप्प्याटप्प्याने, कामाचे फोटो काढल्यावर खात्यात येतात. मोठ्या घराचा पाया घातला की पैसे लिंटेलपर्यंत संपतात आणि घर उघडं राहतं.

घरकुल जुन्या घराला लागून असेल तर नवीन स्लॅब जुन्या खांबावर किंवा जुन्या भिंतीवर टेकवू नका. नवीन पाया थोडा बसतो, जुना बसून झालेला असतो, त्यामुळे सांध्यात भेग पडतेच. दोन्ही बांधकामं वेगळी ठेवून मधल्या फटीवर पत्र्याची पन्हळ बसवली की पाणी आत येत नाही.

भूकंपाचा विचार का करायचा?

भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात नाशिक जिल्हा भूकंपाच्या विभाग ३ मध्ये आहे. शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि तिथल्या घरांना भेगा पडल्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. तिथली जाड दगडमातीची भिंत आणि वरचं मातीचं जड धाबं, हेच झोपलेल्या माणसांवर पडलं. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात नवीन गावं वसवली, तशी उभी राहिलेली घरं मजबूत करण्याचंही काम झालं. त्यातले उपाय साधे होते : छपराचं वजन कमी करायचं, भिंतीचे आतले-बाहेरचे थर लांब जोडदगडाने बांधायचे, दारांच्या वर सगळ्या भिंतींना एकच पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरका आधार द्यायचा. आपल्या लाकडी घराला यातला शेवटचा उपाय गावचा सुतारही करून देईल.

हंगाम आणि पाणी

बरेच जण एप्रिल-मे महिन्यात बांधकाम काढतात. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, काही पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते, आणि सिमेंटला तर पाणी हवंच. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोण्या पीपीसी सिमेंटच्या असतात. त्या कामावर किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं. ते मिळालं नाही तर स्लॅब वरून वाळलेला दिसतो पण आतून कच्चा राहतो. स्लॅबखालचे टेकू काढायची घाई करू नका. खोली मोठी असेल तर किमान दोन आठवडे ठेवाच. शक्य असेल तर सिमेंटचं काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत उरका. कौलं उतरवायचं काम मात्र मे महिन्याच्या शेवटावर ढकलू नका. अवकाळी आला तर अख्खं घर भिजतं.

कागद

गावठाणात बांधकाम किंवा पुनर्बांधकाम करायला ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते. पेठ शहरात नगरपंचायतीकडे जावं लागतं. नमुना ८ चा उतारा हा घरपट्टीचा कागद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळते, ती काढून ठेवा. नोंद वडिलांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या.

भेग वाढतेय का, ते कसं ओळखायचं?

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग दिसली तर तिच्यावर आडवी पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर भिंत अजून हलतेय. अशा भिंतीला हात लावण्याआधी अभियंत्याला दाखवा. घरकुलाची कामं बघायला पंचायत समितीचे अभियंते गावात येतात, त्यांनाही विचारता येतं.

काम सुरू करण्याआधी

• तुळईचं प्रत्येक टोक कशावर आहे ते बघितलं का?
• टेकू, फळ्या आणि बोल्ट आणून ठेवले का?
• भिंतीतली वायरिंग बंद केली का? मीटरकडे येणारी तार छपराजवळून जात असेल तर पत्रे चढवण्याआधी वायरमनला बोलवा.
• दहा दिवस पुरेल एवढं पाणी कुठून आणायचं ते ठरलं का?
• काम चालू असताना लहान मुलं आणि म्हातारी माणसं रात्री कुठे झोपणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय टेकू लावलेल्या छपराखाली कुणाला झोपू देऊ नका.